रूळ आधी, गाडी मागून

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आमचा मुक्काम दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आला. देवघर मावले, पाटावरवंटासुद्धा मावला; मावली नाही ती आमची आगगाडी! धाकट्या भावाने आणि मी मिळून ती ८ फूट बाय ४ फुटांच्या फळीवर मांडली होती. भाऊ आता नाही. त्यामुळे ‘मोडून टाका’ असे हिच्याही तोंडून निघेना. शेवटी तीच म्हणाली, “अहो, याहून लहान गाडी नाही का मिळत?”

मिळते तर! आमची गाडी एचओ मापाची, खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६२ साली जे एन माप आणले, त्यात हेच अंतर अवघे ९ मिलिमीटर आणि गाडी बहुधा १६० पट लहान. लांबी-रुंदी दोन्ही घटतात, म्हणून ३२ चौरस फुटांचा पसारा साडेनऊ चौरस फुटांत बसतो.

मी उतावळा. आधी गाडीच घेतली, तीही जपानी बुलेट! डबा सोळा सेंटिमीटरचा. मग चहाच्या मेजावर मावतील असे १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वळणाचे रूळ आणले. पहिल्याच वळणावर डब्यांनी अंग टाकले!

तेव्हा वाचकहो, आधी मेज मोजा, मग वळण ठरवा आणि त्या वळणावर चालेल तीच गाडी घ्या. २८ सेंटिमीटर त्रिज्येवर माझी गाडी मुकाट्याने फिरली. पण त्याला जेवणाचे मेज लागले. मेज लहान असेल तर आखूड डब्यांची गाडी बरी. इंजिन मात्र सगळ्या चाकांतून वीज घेणारे पाहावे, नाहीतर धुळीच्या कणानेही ते वाटेत अडून बसते.

रुळांच्या जाती दोन. लवचिक रूळ दिसायला देखणे, पण फळीवर कायमचे बसवावे लागतात. दुसरे खडीसारख्या दिसणाऱ्या पायासकट येतात आणि एकमेकांत अडकतात. भाडेकरूला हेच सोयीचे. जेवणे आटोपली की मांडावेत, निजताना आवरावेत.

साठी उलटल्यावर ९ मिलिमीटरांवर चाके बसवणे सोपे नव्हे. पहिल्या रात्री माझा हात थरथरू लागला. सुईत दोरा ओवणाऱ्या हिच्या बोटांनी आठही डबे एकेक करून रुळांवर चढवले.

भावाचे जुने इंजिन फडताळात ठेवले आहे. या रुळांवर ते कधीच चालणार नाही. पण गाडी सोडण्यापूर्वी माझी नजर एकदा तिकडे जातेच. ही ते पाहते आणि म्हणते, “हं, सोडा आता गाडी.”