चित्रवाणीचें जतन घरोघरीं व्हावें

श्रीगाडगेमहाराजांनीं एकही ग्रंथ लिहिला नाहीं. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या या सत्पुरुषाचा सारा उपदेश तोंडीं झाला. कीर्तनास उभें राहावें, समोर बसलेल्या माणसांना प्रश्न विचारावा, आणि उत्तर त्यांच्याच मुखांतून काढून घ्यावें, ही त्यांची रीत. १९५६ च्या डिसेंबरांत वलगांवानजीक त्यांनीं देह ठेविला. अखेरच्या काळांतील त्यांचें एक कीर्तन सुदैवानें ध्वनिमुद्रित झालें होतें. म्हणून त्यांचा आवाज आज आपल्या कानीं पडतो. त्या दिवशीं तेथें तें यंत्र नसतें, तर चरित्रकारांच्या वर्णनावरच आपणांस समाधान मानावें लागलें असतें.

आज असें यंत्र घरोघरीं आहे, आणि तें आपण वापरीत नाहीं, हें आमचें म्हणणें आहे. घरच्या संगणकावर चित्रवाणीचे कार्यक्रम उतरवून ठेवणें हा रिकाम्या वेळचा छंद समजला जातो. आम्हांस तें एक कर्तव्य वाटतें, आणि विशेषतः आपल्या वऱ्हाडास त्याची निकड आहे.

ज्यांनीं कार्यक्रम केले तेच ते सांभाळतील, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या आरंभींच्या वर्षांत मुद्रणाच्या फिती महाग असत; म्हणून एक कार्यक्रम दाखवून झाला कीं तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा घ्यावा, असा प्रघात होता. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावर बेतलेली मालिका त्या दशकाच्या अखेरीस लोक कौतुकानें पाहात. तिचे आज थोडेच भाग पाहावयास मिळतात. हा दोष केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडांत बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेंही 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकांतील नव्वदांहून अधिक भाग असेच गमावले. मौज अशी कीं, त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे; कारण कांहीं हौशी प्रेक्षकांनीं आपआपल्या घरीं टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेविला होता. संस्थेनें पुसलें तें घरांतून परत मिळालें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं मॅरियन स्टोक्स नांवाच्या एक बाई होत्या. पूर्वीं त्या ग्रंथपालाचें काम करीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं बातम्यांच्या वाहिन्या रात्रंदिवस मुद्रित केल्या. मागें सुमारें ७० हजार कॅसेटी राहिल्या, आणि त्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें स्वीकारल्या.

बाईंना ज्यासाठीं खोल्यांमागून खोल्या भराव्या लागल्या तें काम आज टेबलावरचा संगणक करितो. त्यांत ट्यूनर कार्ड बसवावें, तबकडीची तार त्यास जोडावी आणि वेळापत्रक भरून ठेवावें. नेमल्या क्षणीं मुद्रण आपोआप सुरू होतें आणि वेळ संपतांच थांबतें. साधारण प्रतीचें चित्र सेकंदास ४० लाख बिट या वेगानें येतें असें धरलें, तर तासास सुमारें १.८ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर साडेपांचशें तास मावतात. तीन तासांच्या १८० कॅसेटींहून अधिक ऐवज खिशांत घालण्याजोग्या डबींत!

कोणी म्हणेल, आतां सर्व कांहीं इंटरनेटवर असतांना ही यातायात कशाला? परंतु इंटरनेट हें दुसऱ्याचें कपाट आहे, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे. मालकाच्या मनांत आलें कीं तेथील वस्तु नाहींशी होते, व गेली हें सांगण्यासही कोणी येत नाहीं. शिवाय 'सर्व कांहीं' या शब्दांत अमरावती-अकोला कितपत येतात? श्रावणांतील शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामाहून पूर्णेचें पाणी कावडींनीं अकोल्यास राजराजेश्वराला येतें. अमरावतीस नवरात्रांत अंबादेवीच्या दर्शनास लोक लोटतात. स्थानिक केबलवाल्यांनीं असे सोहळे टिपले, तरी दहा वर्षांमागचा सोहळा पाहूं म्हटल्यास तो कोणाच्या घरीं सांपडेल? क्रिकेटचे सामने आणि हिंदी चित्रपट जतन करावयास जगांत पुष्कळ लोक बसले आहेत. ती चिंता आपण वाहूं नये.

बोलीची गोष्ट याहून मोठी आहे. ग्रिअर्सन साहेबांनीं हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीविषयींचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनीं बायबलांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत त्या त्या बोलींत उतरवून घेतला होता. त्यांत वऱ्हाडीही आहे. शब्द कागदावर आले, पण त्यांचा हेल आला नाहीं. चित्रवाणीवर आज वऱ्हाडी ऐकूं येते खरी. अमरावतीचे नट भारत गणेशपुरे यांनीं ती महाराष्ट्रभर पोंचविली, हें त्यांचे उपकारच. तथापि तेथें ती बहुधा हंशासाठीं येते. पऱ्हाटीविषयीं, धुऱ्याच्या तंट्याविषयीं, न आलेल्या पावसाविषयीं एखादा शेतकरी बातमीदारापुढें बोलतो, तेव्हां तीच बोली गंभीरपणें बोलली जाते. हे दोन-दोन मिनिटांचे तुकडे कोणासही मोलाचे वाटत नाहींत. आमच्या मतें डिस्कवर पहिली जागा त्यांना द्यावी.

शेतकऱ्यास तर या साधनाचा उपयोग आजच आहे. सायंकाळीं कृषिविषयक कार्यक्रम लागतो तेव्हां तो पुष्कळदां वावरांतच असतो. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचा घास घेतला. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत औषध फवारतांना विषबाधा होऊन माणसें दगावलीं. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे, तज्ज्ञ आहेत, ते बोलतातही. पण किती पाण्यांत किती औषध घालावें व तोंडावर काय बांधावें, हें एकदां ऐकून कोणाच्या ध्यानांत राहणार? मुद्रित केलेलें बोलणें थांबवितां येतें, मागें नेतां येतें, आणि आंकडा वहींत उतरून घेतां येतो.

यांत कायद्याचा भंग होतो काय, अशी शंका भिडस्त मनास येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ३९ वें कलम पाहावें. स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं केलेलें मुद्रण हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग नव्हे, असें त्यांत सांगितलें आहे. विकणें किंवा गांवभर वांटणें ही गोष्ट वेगळी. ती करूं नये.

अडचण कायद्याची नाहीं, कुलुपाची आहे. २०१२ ते २०१७ या काळांत केबलचें प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानें डिजिटल झालें. पूर्वीं केबलची तार थेट संगणकांत खोंचली कीं काम भागे. आतां मध्यें सेट-टॉप बॉक्स आला, आणि चित्र त्याच्या किल्लीवांचून उघडत नाहीं. कांहीं कंपन्यांच्या पेट्या स्वतःच मुद्रण करितात, पण तें त्याच पेटींत पाहावें लागतें. वर्गणी थांबली कीं जपलेलेंही गेलें. गच्चीवरच्या अँटेनाची वाटही मोडली, कारण दूरदर्शननें जमिनीवरील बहुतेक प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. उरली ती दूरदर्शनची बिनवर्गणीची 'फ्री डिश'. तिच्या ज्या वाहिन्या कुलुपाविना येतात, त्या संगणकास अजून घेतां येतात. कायदा ज्यास हरकत घेत नाहीं तें पेटी करूं देत नाहीं, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो. वर्गणीदाराला आपल्या उपयोगापुरती एक प्रत काढतां आली पाहिजे, असा नियम सरकारनें केबल कंपन्यांस घालून द्यावा.

मुद्रण करून थांबल्यास मात्र अर्धेंच काम झालें. ज्या फितीवर तारीख नाहीं ती हरवलेलीच समजावी. फाइलीस नांव देतांना दिनांक, वाहिनी, गांव आणि बोलणाऱ्याचें नांव देवनागरींत लिहावें; प्रती दोन असाव्या, व त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी. शाळांनीं याची एक नोंदवही ठेविली तर वरच्या वर्गांतील मुलें हें काम आनंदानें करतील, आणि शुद्धलेखनही सुधारेल.

एक काम मात्र यंदाच्या उन्हाळ्यापूर्वींच व्हावें. आपल्याकडील कित्येक घरांच्या माळ्यांवर जुन्या व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. लग्नकार्यांबरोबर एखादें स्नेहसंमेलन, एखादी मुलाखत, सुरेश भटांसारख्या कवीची मैफल त्यांवर असण्याचा संभव आहे. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. ती उष्णता व धूळ फितीस सोसत नाहीं. व्हीएचएस यंत्रें बनविणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई. तिनेंही २०१६ च्या जुलैंत तीं बनविणें सोडलें. चालू स्थितींतील यंत्र ओळखीपाळखींत मिळाल्यास तें संगणकास जोडण्याची लहानशी पट्टी बाजारांत मिळते. तीन तासांची कॅसेट तीन तासांत उतरते. भंगारवाल्यास खोकें देण्यापूर्वीं कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या तरी वाचून पाहाव्या.