आधीं कडें, मग पाऊल

आमच्या परभणी जिल्ह्यांतून वाहणाऱ्या गोदावरीचें नांव मुंबईच्या भूगर्भांत चालणाऱ्या एका यंत्रास दिलें होतें, हें कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या मेट्रोमार्गाचे बोगदे १७ यंत्रांनीं खोदले, व त्यांस महाराष्ट्रांतील नद्यांचीं नांवें होतीं. आरे ते कफ परेड हा मार्ग ३३.५ किलोमीटरांचा. पहिलें यंत्र सप्टेंबर २०१८ मध्यें विमानतळाच्या स्थानकांत बाहेर आलें, शेवटचें नोव्हेंबर २०२२ मध्यें महालक्ष्मीस. आणि ऑक्टोबर २०२५ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावूं लागल्या.

यंत्राच्या अग्रभागीं अजस्र फिरती चकती असून तिच्यावरील पोलादी चक्रें खडक फोडतात. परंतु त्याचें खरें मर्म पुढें नसून मागें आहे. सुमारें दीड मीटर खोदून झालें कीं काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून पुरें कडें बसवितात, कडें व खडक यांमधील पोकळी मसाल्यानें भरतात, आणि त्याच कड्यास रेटा देऊन यंत्र पुढें सरकतें. लंडनमध्यें टेम्स नदीखालीं मार्क ब्रुनेल यानें १८२५ मध्यें आरंभिलेला बोगदा १८४३ मध्यें खुला झाला. त्याची मूळ युक्ति लांकूड पोखरणाऱ्या समुद्रकृमीवरून सुचली, असें सांगतात. तो प्राणीहि पोखरलेल्या वाटेस आंतून कवचाचा लेप देत जातो.

आमच्याकडील विहीर खणणारा हें जाणतो. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसांत फुगते. तिची कड बांधून काढल्यावांचून विहिरींत उतरणें म्हणजे प्राणाशीं गांठ.

बोगदा भूमीखालून जातो खरा, पण स्थानकास वरची जागा लागते. काळबादेवी व गिरगांव येथें त्यासाठीं जुन्या इमारती पाडल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें नांदलेल्या कुटुंबांस, याच परिसरांत घर मिळेल या वचनावर, बिऱ्हाडें हलवावीं लागलीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आप्त त्याच चाळींत वाढले असतील. मार्ग लोकोपयोगी आहे, याविषयीं आम्हांस संदेह नाहीं. परंतु जो नियम यंत्र खडकाच्या बाबतींत पाळतें, तो आपण माणसांच्या बाबतींत कां पाळूं नये? नवें घर उभें राहिल्यावरच जुन्यास हात लावावा. उद्यां आमच्या जिल्ह्यांत धरणासाठीं वा रस्त्यासाठीं कोणाचें शेत मोजूं लागतील, तेव्हां सुशिक्षितांनीं हा प्रश्न प्रथम विचारावा, एवढीच आमची विनंति आहे.