मेंदूचा प्राणवायू आणि शाळेतील पाठ

मेंदू हा शरीराचा राजा, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याच्याइतका परावलंबी अवयव दुसरा नाही. प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के भरते. तरीही विश्रांतीच्या वेळी शरीर जितका प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. शिवाय प्राणवायूचा साठा करून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. हातावर पोट असलेल्या मजुराप्रमाणे आलेले तत्काळ खर्च करावयाचे, असा त्याचा व्यवहार असतो.

मानेच्या पुढील बाजूने दोन आणि मणक्यांच्या छिद्रांतून दोन अशा चार धमन्या मेंदूकडे रक्त नेतात. कवटीच्या तळाशी त्यांच्या शाखा जुळून एक कडे तयार होते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली आपल्या ग्रंथात या कड्याचे वर्णन केले. एक वाट अरुंद झाली, तर पुष्कळदा दुसऱ्या वाटेने रक्त पोहोचते ते या कड्यामुळेच.

दर मिनिटास सुमारे ७५० मिलिलिटर रक्त मेंदूतून वाहते. दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू असतो आणि त्यातील बहुतेक सर्व तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनशी जोडलेला असतो. रक्तद्रवात नुसता विरघळलेला भाग अर्धा मिलिलिटरही नसतो. मेंदू यातील सुमारे एक तृतीयांश काढून घेतो आणि उरलेला परत जातो. केटी व श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या दशकात ही मोजमापे केली. पुढे १९५५ साली केटी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना तोंडी गणिते घालून पाहिली, तेव्हा मेंदूला लागणारा एकूण प्राणवायू वाढला नाही. बुद्धी चालविली की मेंदूची भूक भरमसाट वाढते, या समजुतीवर जी टॉनिके खपतात त्यांना या प्रयोगाचा आधार मिळणार नाही.

हृदय अकस्मात बंद पडले, तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावयास हवी. त्या पहिल्या मिनिटांत रक्तातील प्राणवायू संपलेला नसतो. संपलेली असते ती रक्ताची गती. मग ती गती हाताने का देता येऊ नये? १९६० साली कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी याचे उत्तर दिले. यांपैकी पहिला विद्युत अभियंता होता, वैद्य नव्हे. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब दिला, तर नेहमीच्या प्रवाहाचा चौथा ते तिसरा हिस्सा चालू ठेवता येतो. तेवढ्यावर मेंदूला काही काळ तग धरता येतो.

आपल्याकडे माणूस कोसळला की भोवती गर्दी जमते, कोणी कांदा हुंगवितो, कोणी तोंडात पाणी ओततो. साधी भोवळ आलेल्यास आडवे पडणे हाच उपचार असतो, कारण त्यामुळे डोके हृदयाच्या पातळीवर येते. पण लोक त्यालाच उठवून बसवितात. ज्याचा श्वास थांबला आहे किंवा नुसते आचके येत आहेत, त्याच्या छातीला मात्र कोणीही हात लावीत नाही. हा निर्दयपणा नव्हे, अज्ञान आहे. आणि अज्ञान दूर करणे हे शाळेचे काम आहे. हृदयाच्या चार कप्प्यांची आकृती काढून व नावे देऊन हा पाठ संपता कामा नये.

मुले घाबरतील, बरगडी मोडेल, असे आक्षेप घेतले जातात. बरगडी कधीकधी मोडतेही. पण ती पुन्हा सांधते, मेंदूच्या मेलेल्या पेशी सांधत नाहीत. डेन्मार्कने २००५ साली हे शिक्षण शाळांत सक्तीचे केले व इतरही उपाय योजले. रुग्णवाहिका येण्यापूर्वी आसपासच्या लोकांनी छाती दाबण्यास आरंभ केल्याचे प्रमाण तेथे २००१ मध्ये २१ टक्के होते, ते २०१० मध्ये ४५ टक्क्यांच्या घरात गेले.

या पाठास महाग उपकरणे लागतातच असे नाही. आरंभीच्या सरावास कापूस घट्ट भरलेली गादीची उशी, घड्याळ आणि जाणता शिक्षक पुरेसा आहे. एकाने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावयाची, दुसऱ्याने दाब देत राहावयाचे आणि दोन मिनिटांनी हात बदलावयाचे, कारण थकलेला हात खोल दाबू शकत नाही. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र रक्तातील प्राणवायूही संपत आलेला असतो. तेथे दाबाबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो, आणि नदीकाठच्या व समुद्रकाठच्या शाळांनी तो भाग वेगळा शिकवावा.