तुळाजींचा सवाल वर्गात कोण विचारणार?

बुरोंडीस पृथ्वीच्या अर्धगोलावर उभी असलेली भगवान परशुरामांची भव्य मूर्ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. येथून किनाऱ्याने उत्तरेस निघून लाडघर, कर्दे, मुरूड ओलांडले की हर्णै लागते आणि समोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत त्याचाही समावेश झाला. आपणा सर्वांस आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु एप्रिल १७५५ मध्ये या दुर्गावर काय घडले, हे या किनाऱ्यावरील किती मुलांना सांगता येईल?

कमोडोर जेम्सच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचा हा दुर्ग पाडाव केला. दुःखाची गोष्ट अशी की, त्या मोहिमेत पेशव्यांचे आरमार इंग्रजांच्या साथीस होते. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला आणि मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार अग्नीच्या स्वाधीन झाले. जेम्सच्या विधवेने पतीच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळ एक मनोरा बांधला व त्यास सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. तो आजही उभा आहे. जेत्यांनी आठवण दगडात कोरली. आपण ती पाच गुणांच्या प्रश्नातही नीट ठेवली नाही!

यावर शिक्षणक्षेत्रातील धुरीणांचे उत्तर ठरलेले असते : डिजिटल वर्ग. भिंतीवर पडदा येतो, पुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत येतो, कुठल्या तरी शहरात तयार झालेली चित्रफीत सुरू होते आणि मुले गप्प बसतात. पूर्वी गुरुजी बोलत, आता यंत्र बोलते. मुलाचे तोंड तेव्हाही बंद होते, आजही बंदच आहे.

वास्तविक रत्नागिरी जिल्ह्याजवळ याहून समर्थ साधन आहे. गौरी-गणपतीत रात्ररात्र रंगणारी जाखडी! शक्तीवाला सवाल टाकतो, तुरेवाला जबाब देतो. ज्याचा अभ्यास कच्चा, त्याची फजिती सर्वांसमक्ष. मग आठवीच्या वर्गाचे दोन फड का करू नयेत? एकाने तुळाजींची बाजू घ्यावी, दुसऱ्याने पेशव्यांची. मुलांनी कवने स्वतः रचावीत, मृदंग-झांज स्वतः वाजवावी, हर्णैच्या धक्क्यावर जाऊन लाटांचा व होड्यांचा आवाज मोबाईलवर टिपावा, संगणकावर ते सारे जुळवावे. आणि कवनातील प्रत्येक विधानास आधार कोणता, हे वहीत लिहावे. यंत्र तेथे हवे, पण मुलाच्या हातात.

ही कल्पना नवीन नाही. तरुण सावरकरांनी सिंहगडाचा आणि बाजीप्रभूंचा पोवाडा रचला, मित्रमेळ्याच्या पोरांनी तो गायिला, आणि सरकारने त्यांवर बंदी घातली. इतिहास गाऊन शिकविला की काय होते, हे इंग्रजांना आपल्या शिक्षण खात्यापेक्षा अधिक कळले होते.

तथाकथित पुरोगामी याला भगवेकरण म्हणतील. म्हणोत बापडे. पोवाड्याचे नाव काढताच ज्यांना जातीयवादाचा वास येतो, त्यांच्यासाठी बुरोंडीच्या मुलांनी थांबावे काय?

खरी अडचण आपल्याच घरात आहे. 'पेशव्यांची ही चूक मुलांपुढे कशाला उगाळायची?' असे विचारणारे सज्जन आपल्या बैठकांतही भेटतात. शिवजयंतीस कर्णे लावून जयजयकार करणे सोपे असते. तुळाजी पेशव्यांचे वर्चस्व मानीत नव्हते, म्हणून घरचे भांडण मिटविण्यास परक्याच्या तोफा बोलावल्या गेल्या, हे गाणे कठीण. हा सल ज्या मुलास वर्गात बोचला नाही, त्याला हिंदू समाजाच्या संघटनेचे महत्त्व व्याख्यानाने कसे पटणार? तुरेवाल्या मुलांना पेशव्यांचा बचाव करताना घाम फुटू द्यावा. रामाजी महादेवांपुढे तेव्हा कोणता पर्याय होता, हे शोधताना ती जे वाचतील, ते कोणतीही चित्रफीत त्यांना देणार नाही.

खर्च फारसा नाही. मोबाईल बहुतेक घरी आहे, ध्वनिमुद्रण जुळविण्याची संगणकप्रणाली फुकट मिळते, आणि जाखडीचे शाहीर गावोगावी आहेत. आठवड्यातून दोन तासिका मोकळ्या कराव्या लागतील, आणि मुख्याध्यापकांनी शाहिराला निरोप धाडावा लागेल. श्रावण लागण्यापूर्वी धाडला, तर गणपतीपर्यंत फड उभा राहतो.