हृदय ‘नवे’ करून देणाऱ्यांना आधी चार प्रश्न विचारा

‘स्टेम सेलने हृदय पुन्हा नवे करा’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली की ज्यांच्या घरात अब्बांना किंवा चाचांना झटका येऊन गेला आहे, ते तिथे थांबतातच. मग दागिने गहाण पडतात, मोहल्ल्यात वर्गणी सुरू होते, कुणी जकातीतून मदत मागतो. हा पैसा गोळा होण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी पुढे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

यकृताचा काही भाग कापला तरी ते वाढून भरून येते. हृदयाचे तसे नाही. रक्तपुरवठा बंद पडून हृदयाच्या स्नायूपेशी मेल्या की त्या जागी वण तयार होतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. गर्भात या पेशी भराभर विभागत असतात. जन्मानंतर लवकरच त्यांचे विभाजन जवळजवळ थांबते आणि त्या केवळ आकाराने वाढतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचे टोक कापले, तर ते पुन्हा भरून आले. सात दिवसांच्या पिल्लात मात्र ही क्षमता उरली नव्हती.

माणसाचे काय, हे शोधायला स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांनी अफलातून मार्ग काढला. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि अन्नातून तो सगळ्यांच्या पेशींत गेला. त्यावरून पेशीचे ‘जन्मवर्ष’ काढता येते. २००९ मध्ये त्यांनी दाखवले, की पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्यावर झटक्याचे नुकसान भरून निघणे शक्य नाही.

मग जाहिरातवाल्यांचा दावा आला कुठून? २००१ मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले, की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात सोडल्यावर नवा स्नायू तयार झाला. जगभर आशा उसळली आणि रुग्णांवर प्रयोगही सुरू झाले. २००४ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सांगितले, की या पेशी हृदयस्नायू बनत नाहीत. तोवर अँव्हर्सा यांनी हृदयातच स्टेम सेल सापडल्याचा नवा दावा केला होता. पैसा आणि कीर्ती येतच राहिली. अखेर २०१७ मध्ये त्यांच्या बोस्टनच्या रुग्णालयाने अमेरिकी सरकारला एक कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या रुग्णालयाने खोट्या किंवा फेरफार केलेल्या माहितीमुळे त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे कळवले. रुग्णांवरच्या प्रयोगाचा ‘लॅन्सेट’मधला २०११ चा निबंधही २०१९ मध्ये रद्द झाला.

‘बघा, विज्ञानसुद्धा खोटं बोलतं’ असे यावर आपल्यातले काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. ही चोरी कोणी पीर-बाबाने पकडली नाही. तोच प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या संशोधकांनी पकडली. मला खुपते ते वेगळेच. २००४ ते २०१८ ही चौदा वर्षे. तेवढ्या काळात किती रुग्णांनी आपल्या छातीत सुया टोचून घेतल्या असतील! आणि निबंध मागे घेतले जातात, जाहिराती घेतल्या जात नाहीत.

खरे संशोधन थांबलेले नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांच्या शोधामुळे साध्या त्वचेच्या पेशीतून धडधडणारी हृदयपेशी प्रयोगशाळेत तयार करता येते. पण बशीत धडधडणे वेगळे आणि बाकीच्या हृदयाच्या तालात धडधडणे वेगळे. २०१४ मध्ये अमेरिकेत, गर्भपेशींपासून बनवलेल्या अशा हृदयपेशी माकडांच्या हृदयात रुजल्या, पण ठोके अनियमित झाले. काम चालू आहे, औषध अजून हाती नाही.

म्हणूनच आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर बाकी स्टेम सेल वापर हा प्रयोग आहे आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तेव्हा विचारा: ही चाचणी सीटीआरआयवर नोंदवलेली आहे का, क्रमांक काय? नीतिमत्ता समितीची मंजुरी दाखवा. इजा झाली तर भरपाई कोण देणार? आणि प्रयोग असेल तर बिल कशाचे? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक गप्पा संपतील.

वर्गणीसाठी धावण्याआधी आणखी एक काम करा. अँजिओप्लास्टी आणि बायपास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. घरातले रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवा, जवळचे योजनेतले रुग्णालय कोणते ते आजच शोधून ठेवा आणि अब्बांच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद होऊ देऊ नका.