डबा मोठा, पण किती?

बारावीच्या गणितातील एक प्रश्न घरोघरी हमखास डोके खातो. ३० सें.मी. बाजूचा चौरस पुठ्ठा घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे आणि कडा उभ्या दुमडून उघडा डबा बनवायचा. किती सें.मी. कापले तर डब्याचे घनफळ सर्वांत जास्त होईल? मुले सूत्र पाठ करतात, अवकलन करतात, ‘बरोबर शून्य’ मांडून उत्तरही काढतात. पण शून्यच का, असे विचारले की गप्प होतात. प्रश्न जरा बदलून आला की सारे अडते आणि हुशार मुलेसुद्धा गणितच नको म्हणू लागतात.

मराठी माणसाला दोन घाट ठाऊक असतात. एक काशीचा, पायऱ्यांचा. पेशव्यांच्या घराण्यातील अमृतरावांच्या नावाचा अमृतराव घाट त्यांपैकीच. दुसरा सह्याद्रीतला, चढउताराचा. या दुसऱ्या घाटातच ‘का’चे उत्तर आहे. रस्ता चढत जातो, माथ्यावर क्षणभर सपाट होतो, मग उतरू लागतो. माथ्यावर चढ नाही, उतारही नाही. म्हणून तिथे शून्य.

डब्याचेही तसेच. ३ सें.मी. कापले तर घनफळ १७२८ घन सें.मी., ४ ला १९३६, ५ ला २०००, ६ ला १९४४. चढ संपून उतार लागला. ४.९ आणि ५.१ ला घनफळ २००० पेक्षा एक घन सें.मी.नेही कमी होत नाही. माथा सपाट असतो तो असा.

ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या गतीबद्दल लिहिताना हेच टिपले होते, की ग्रहाच्या स्थानात करावयाची दुरुस्ती जिथे कमाल होते, तिथे तिच्यातील बदल शून्य असतो. जगापुढे ही गोष्ट मांडली ती काशीतच, एका महाराष्ट्रीय पंडिताने. बापूदेव शास्त्री १८४२ पासून तेथील संस्कृत कॉलेजात गणित शिकवीत. १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भास्कराचार्यांच्या कलनज्ञानावर लेख लिहिला. इंग्रज गणिती स्पॉटिसवूड यांनी साम्य मान्य केले, पण हे संपूर्ण कलनशास्त्र नव्हे, असेही बजावले. दोघांचेही म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. कल्पना सुचणे वेगळे आणि तिची सर्वत्र चालणारी रीत बांधणे वेगळे.

त्याच काळात दिल्लीचे मास्टर रामचंद्र यांनी कमाल-किमानाची उदाहरणे नुसत्या बीजगणिताने सोडवणारे पुस्तक १८५० मध्ये काढले. डी मॉर्गन यांनी ते १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापवले. म्हणजे दहावीच्या मुलालाही वाट बंद नाही. कापलेली बाजू क्ष धरली तर डब्याच्या तळाची बाजू ३० वजा २क्ष. आता ४क्ष आणि तळाच्या दोन बाजू यांची बेरीज नेहमी ६० च येते. बेरीज ठरलेली असेल तर गुणाकार सर्वांत मोठा केव्हा होतो? तिन्ही संख्या समान असताना, म्हणजे प्रत्येकी २० असताना. मग क्ष आपोआप ५.

अवकलनाने ५ आणि १५ अशी दोन उत्तरे मिळतात. पण १५ कापले तर पुठ्ठाच उरत नाही. तो तळ, माथा नव्हे. परीक्षेत गुण जातात ते इथे, कारण शून्य आले म्हणजे कमाल सापडले, असे मुले धरून चालतात.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागून चार-पाच सारखे चौरस कापून मुलांना वेगवेगळे डबे करू द्यावेत आणि त्यांत तांदूळ मोजावेत. कुठला डबा जिंकतो ते आधी हातांना कळू द्यावे; सूत्र मग पाठ करावे लागत नाही.