दूरचे जवळ येते, बारीक मोठे होत नाही

पिकावरील किडीचे छायाचित्र पाठवून सल्ला मागविण्याची पद्धत आता देशभर रूढ झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही छायाचित्राचाच आधार घेते. अशा वेळी छायाचित्र ही केवळ नोंद राहत नाही. त्यावरून फवारणीचा निर्णय होतो आणि निदान चुकले तर खर्च शेतकऱ्याच्या माथी पडतो. म्हणूनच विस्तार कार्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

या कामासाठी अनेकांची पहिली पसंती प्रवाशांसाठी बनविलेल्या लहान झूम कॅमेऱ्याला असते. त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. उदाहरणार्थ, २०१८ मध्ये बाजारात आलेला कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० हा कॅमेरा सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा असून ४० पट झूम देतो. सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या यंत्रात एवढी क्षमता पाहून खरेदीदार प्रभावित होतो. मात्र जाहिरातीतील हा आकडा दूरची वस्तू किती जवळ दिसेल, एवढेच सांगतो. बारीक वस्तू किती मोठी दिसेल, हे त्यावरून कळत नाही. कीड निदानात बहुतेक वेळा गरज असते ती दुसऱ्या गोष्टीची.

जेथे अंतर हीच अडचण आहे, तेथे हा कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो. नारळाच्या उंच झाडावर न चढता शेंड्याकडील झावळ्यांवर गेंड्या भुंग्याने केलेले त्रिकोणी काप टिपता येतात. पांढऱ्या माशीमुळे झावळ्यांवर धरलेली काजळीही जमिनीवरून नोंदविता येते. आग्या मोहोळाचे निरीक्षण सुरक्षित अंतरावरून करता येते. २०२० मध्ये राजस्थानपासून विदर्भापर्यंत पोहोचलेली टोळधाड सायंकाळी झाडांवर उतरत असे. अशा प्रसंगी उंच फांदीवरील कीटक टोळच आहे की स्थानिक नाकतोडा, हे पाहण्यास लांब पल्ल्याचे भिंग कामी येते. पिकावर येणारे पक्षी ओळखण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. या कामांत साध्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा मागे पडतो.

परंतु हाच कॅमेरा मिरचीच्या झुडपासमोर धरला की त्याच्या मर्यादा दिसू लागतात. पूर्ण झूमवर तो साधारणपणे दीड-दोन मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर केंद्रित होत नाही. झूम कमी करून भिंग पानापासून एका सेंटिमीटरवर नेता येते. पण तेव्हा कॅमेऱ्याची सावली पानावर पडते आणि अळी असेल तर ती दडून बसते. प्रकाशाचाही प्रश्न असतो. वर उल्लेखिलेल्या कॅमेऱ्यात पूर्ण झूम केल्यावर छिद्राचे मान एफ ३.३ वरून एफ ६.९ वर जाते, म्हणजे संवेदकावर जेमतेम एक चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. संवेदक मुळातच करंगळीच्या नखापेक्षा लहान असल्याने ढगाळ हवेत किंवा दाट पिकात चित्र हलते अथवा दाणेदार येते. पॅनासॉनिकच्या टीझेड १०० सारख्या कॅमेऱ्यात संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे चौपट असते, पण झूम दहा पटच मिळतो. लहान आकार, मोठा झूम आणि मोठा संवेदक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

या उणिवांचा निदानावर थेट परिणाम होतो. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ओळखण्यासाठी डोक्यावरील उलट्या वाय आकाराची खूण आणि उदराच्या आठव्या वलयावरील चौकोनी मांडणीतले चार ठिपके दिसावे लागतात. बांधावरून झूम करून घेतलेल्या चित्रात पोंग्यातील विष्ठा आणि कुरतडलेली पाने दिसतात, अळीची ओळख मात्र पटत नाही. मिरचीची पाने वरच्या बाजूस वळली असतील तर संशय फुलकिड्यांवर जातो, खालच्या बाजूस वळली असतील तर कोळ्यांवर. मिरचीवरील पिवळा कोळी सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो. तो ४० पट झूमलाही दाद देत नाही. फुलकिड्यांसाठीचे प्रत्येक औषध कोळ्यांवर चालत नाही, त्यामुळे येथील चूक म्हणजे वाया गेलेली फवारणी आणि मेलेले मित्रकीटक. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीवर उद्रेक झालेल्या फुलकिड्याची जात निश्चित करण्यासाठी तर नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.

शेतातील वापराच्याही काही अडचणी आहेत. पुढे सरकणाऱ्या भिंगाच्या सांध्यांतून धूळ आत जाते. या वर्गातील बहुतेक कॅमेरे पावसापासून सुरक्षित नसतात, आणि कीड सर्वेक्षणाचा मुख्य हंगाम तर पावसाळ्याचाच. भर उन्हात पडद्यावरचे चित्र नीट दिसत नाही. भ्रमणध्वनी स्थळाची नोंद आपोआप करतो आणि चित्र लगेच पाठवितो. येथे ते आधी भ्रमणध्वनीवर घ्यावे लागते.

तेव्हा कार्यालयाला एकच साधन घेणे शक्य असेल, तर झूम कॅमेऱ्याला पहिला मान देणे योग्य ठरणार नाही. चांगला भ्रमणध्वनी, त्यावर बसविता येणारे निकटदर्शी भिंग, दहापट मोठे दाखविणारे हातभिंग आणि नमुन्यांसाठी ७० टक्के अल्कोहोलच्या कुप्या हा संच भाजीपाला, कापूस व मका पट्ट्यात अधिक उपयोगी आहे. नारळ-सुपारीच्या बागा, मधमाशीपालन किंवा पक्ष्यांचा उपद्रव असलेल्या भागात झूम कॅमेरा दुसरे साधन म्हणून अवश्य असावा. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी डिजिटल झूम बंद ठेवावा, कारण तो चित्राचा तुकडा ताणून दाखवितो, नवा तपशील देत नाही. अळीचे चित्र घेताना झूम मध्यम ठेवून थोडे मागे सरावे, सावली टळते. प्रत्येक तक्रारीसोबत संपूर्ण झाड, बाधित भाग आणि प्रत्यक्ष कीड अशी तीन चित्रे पाठवावीत. तिसरे चित्र स्पष्ट येत नसेल तर अंदाजाने फवारणी न करता नमुना प्रयोगशाळेकडे द्यावा.